मिग निवृत्त झाले, कॉकपिटचे काय?

गेल्या वर्षी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला भारतीय वायुदलाने समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली याच चंदीगडमध्ये या विमानांची पहिली तुकडी उभी राहिली होती. बासष्ट वर्षांची ही सेवा संपताना वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी स्वतः मिग उडवले, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह उपस्थित होते आणि निवृत्त वैमानिकांचे डोळे पाणावले होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. जुने गेले, नवे आले आणि चर्चा स्वाभाविकपणे नव्याकडे वळली.

तथापि, जुन्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. लढाऊ विमान निवृत्त झाले की त्याच्या वाट्याला साधारणपणे तीनपैकी एक गती येते. बहुतेक विमाने भंगारात जातात. काही सरावासाठी लक्ष्य म्हणून वा तंत्रप्रशिक्षणासाठी वापरली जातात. आणि थोडी भाग्यवान विमाने एखाद्या चौकात, महाविद्यालयाच्या आवारात किंवा छावणीच्या दारात सिमेंटच्या चौथऱ्यावर चढवली जातात. या तिसऱ्या प्रकाराला आपण 'जतन' म्हणतो. प्रत्यक्षात चौथऱ्यावर चढते ते विमानाचे कवच. आतील उपकरणे आधीच काढून घेतलेली असतात. ऊनपावसात काच पिवळी पडते, तिला सूक्ष्म भेगा जातात आणि मग कुणीतरी ती रंगवून टाकतो. खालून पाहणाऱ्याला पंख दिसतात, शेपूट दिसते, पण माणूस जिथे बसत होता ती जागा मात्र दिसत नाही. आणि खरा इतिहास त्या जागेतच असतो.

कॉकपिट हा लढाऊ विमानाचा सर्वांत लहान आणि सर्वांत बोलका भाग आहे. मिग-२१चे कॉकपिट तर इतके अरुंद की धिप्पाड वैमानिकाचे खांदे दोन्ही बाजूंना टेकावेत. समोरच्या फलकावर दाटीवाटीने बसवलेल्या तबकड्या, डाव्या हाताला इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा, दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर कळांच्या रांगा. या विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांत फलकाच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ ओढलेली दिसते. तिचा सजावटीशी काही संबंध नाही. विमान गरगर फिरत खाली येऊ लागले तर गोंधळलेल्या वैमानिकाने नियंत्रणदांडा नेमका मध्यावर आणावा, यासाठी ती खूण आहे. त्या एका रेघेत या विमानाचा स्वभाव आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या माणसाची अवस्था, दोन्ही सामावलेले आहे. चौथऱ्यावरच्या विमानाखाली उभे राहून ते कळत नाही.

विमान बदलत गेले तसा हा फलकही बदलत गेला. मिग-२१ बिस या आवृत्तीतील सुमारे सव्वाशे विमानांचे २००० नंतर 'बायसन'मध्ये रूपांतर झाले. त्यांत रशियन रडार आले, फ्रेंच दिशादर्शन यंत्रणा आली, शत्रूच्या रडारची चाहूल देणारे भारतीय बनावटीचे उपकरण आले आणि शिरस्त्राणातूनच नेम धरण्याची सोय आली. साठच्या दशकात एका महासत्तेच्या छायेत विकत घेतलेले विमान शतक पालटताना तीन देशांच्या तंत्रज्ञानाची गाठोडी घेऊन उडत होते. भारताच्या संरक्षणखरेदीचा आणि परराष्ट्र धोरणाचा चार दशकांचा प्रवास वाचायचा तर जाडजूड अहवाल चाळावेत, किंवा पहिल्या आवृत्तीचे आणि बायसनचे कॉकपिट शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दुसरा मार्ग शाळकरी मुलालाही समजेल असा आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध केवळ भावनिक नाही. पाकिस्तानला अमेरिकेकडून ध्वनीपेक्षा वेगवान एफ-१०४ विमाने मिळाल्यानंतर भारताने सोव्हिएत संघाकडे मोर्चा वळवला आणि नुसती विमाने न घेता ती येथे बांधण्याचा परवानाही मिळवला. त्यासाठी सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी विभागणी झाली. त्या काळात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. ओझरच्या माळावर उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून १९८७ पर्यंत मिग-२१च्या तीन आवृत्त्या बाहेर पडल्या. भारतीय वायुदलाने वापरलेल्या मिग-२१ विमानांपैकी निम्म्याहून अधिक येथे तयार झाली. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या पट्ट्यातील तरुण आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन या कारखान्यात शिरले आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या यंत्राचे रिव्हेट ठोकू लागले. बायसनचे रूपांतरही प्रामुख्याने येथेच झाले. म्हणजे ज्या कॉकपिटविषयी बोलायचे, त्यातील तारेचा गुंता ज्यांनी आपल्या हाताने बांधला, ती माणसे आज नाशिक, ओझर, पिंपळगाव परिसरात निवृत्तीचे आयुष्य जगत आहेत.

या विमानाचा गौरव करताना त्याच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करता येत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यातील राज्यपाल निवासावर अचूक मारा करणारे, एफ-१०४ पाडणारे, ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान टिपणारे हेच मिग-२१. आणि 'उडती शवपेटी' हे कडवट नाव मिळालेलेही हेच. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार १९७१-७२ पासून तोवर मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. या आकड्यांमागे यंत्राचे दोष होते, सुट्या भागांची टंचाई होती, पक्ष्यांची धडक होती, तशीच धोरणाची दिरंगाईही होती. किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून उतरलेला विशीतला वैमानिक थेट ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने धावपट्टीला टेकणाऱ्या मिगमध्ये बसवला जात होता. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमानांचा करार होण्यास २००४ साल उजाडले आणि पहिले हॉक दाखल झाले ते २००८ मध्ये.

या पंचवीस-सव्वीस वर्षांचा हिशेब संसदेच्या कामकाजात नोंदलेला आहे. पण त्याचा अर्थ कॉकपिटमध्ये बसल्याखेरीज उमगत नाही. लांबट नाकामुळे आणि जाड चौकटीच्या काचेमुळे समोरचे किती कमी दिसते, दोन आसनी आवृत्तीत मागे बसलेल्या प्रशिक्षकाला धावपट्टी दिसावी म्हणून पेरिस्कोप का बसवावा लागला, नेमक्या आणीबाणीच्या क्षणी हात कोणत्या कळेपर्यंत पोहोचतो आणि कोणत्या नाही, हे सारे त्या जागेत बसल्यावर काही मिनिटांत कळते. म्हणूनच अशा कॉकपिटचे जतन हा हौसेचा विषय न राहता सार्वजनिक स्मृतीचा विषय होतो. जे परतले त्यांच्या पराक्रमाचा तो पुरावा आहे, आणि जे परतले नाहीत त्यांच्या वतीने दिलेली ती साक्षही आहे.

अर्थात, कॉकपिट पूर्ववत करणे म्हणजे धूळ झटकून रंगाचा हात फिरवणे नव्हे. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' या शब्दाची काय गत झाली आहे, हे ऑइलपेंटने रंगवलेल्या हेमाडपंती देवळांकडे पाहिले की कळते. जेट विमानाच्या बाबतीत तर चुकीचा जीर्णोद्धार जिवावरही बेतू शकतो. वैमानिकाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट ही वस्तुतः स्फोटकांवर चालणारी तोफच असते. तिच्या नळ्यांतील काडतुसे आणि वरची काच उडवणारी यंत्रणा निकामी झाल्याचा अधिकृत दाखला नसताना तिला हात लावणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत अनेक देशांच्या विमानांतील तबकड्यांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमयुक्त रंग वापरला जात असे. आज तो चमकत नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. चमक देणारे रसायन थकलेले असते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे सोळाशे वर्षांचे आहे. काच फुटलेल्या तबकडीतील त्या रंगाची भुकटी श्वासावाटे आत गेली, तर हाडांत जाऊन बसते. त्यामुळे जाणकार संग्रहालये कामाची सुरुवात रंगाच्या डब्याने न करता किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राने करतात.

त्यानंतरचे काम संयमाचे आहे. एकही स्क्रू काढण्यापूर्वी प्रत्येक फलकाची छायाचित्रे घ्यायची, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावायची, प्रत्येक रिकाम्या भोकात पूर्वी काय होते याची नोंद करायची. वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांत ओल साचून गंज धरतो. तो रसायनाने काढायचा की तसाच थोपवायचा, हे ठरवायचे. हरवलेली तबकडी त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या विमानातून मिळवायची आणि ती मिळाली नाही तर प्रतिकृती बसवून ती प्रतिकृती असल्याचे लिहून ठेवायचे. दिवे आणि उपकरणे जिवंत करायची तर घरातील विजेचा उपयोग नाही. विमानात अठ्ठावीस व्होल्टच्या आसपासचा एकदिश प्रवाह आणि सेकंदाला चारशे आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. त्यासाठी वेगळे परिवर्तक जोडावे लागतात. एवढे करून काही महिन्यांच्या वा वर्षांच्या श्रमांनंतर एखाद्या तबकडीचा काटा हलतो.

याहून अवघड आहे तो निर्णयाचा प्रश्न. विमान नेमके कोणत्या दिवसाचे म्हणून जतन करायचे? कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसाचे, युद्धात उतरले त्या दिवसाचे, की शेवटचे उतरले त्या दिवसाचे? नव्या रंगाखाली वैमानिकांच्या हातांनी झिजलेल्या कडा झाकल्या जातात. फलकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला एखादा आकडा पुसला जातो. वस्तू सुंदर होते आणि मुकी होते. म्हणून जगभरच्या जतनशास्त्राने एक साधा नियम स्वीकारला आहे. जे केले ते उलटवता आले पाहिजे आणि जे नवे आहे ते ओळखता आले पाहिजे. हा नियम आपल्या किल्ल्यांना आणि वाड्यांना जितका लागू आहे, तितकाच लढाऊ विमानालाही.

या कामात ब्रिटनने एक वेगळी वाट दाखवली आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतरची शेकडो जेट विमाने भंगारात निघाली, तेव्हा संपूर्ण विमान ठेवायला जागा आणि पैसा नसलेल्या हौशी मंडळींनी निदान त्यांची नाके वाचवली. विमानाचा पुढचा भाग कापून वेगळा केला तर तो घरामागच्या शेडमध्ये मावतो. निवृत्त तंत्रज्ञ, शिक्षक, गॅरेजमालक अशी सामान्य माणसे वर्षानुवर्षे शनिवार-रविवार खपून एकेक कळ गोळा करतात. न्यूआर्क येथील विमान संग्रहालयात भरणाऱ्या मेळाव्यात ही कॉकपिटे ट्रेलरवर लादून आणली जातात आणि लोकांना त्यांत बसू दिले जाते. डॉनकास्टरच्या संग्रहालयातही अशा नाकांचा मोठा संग्रह आहे. सरकारचा वाटा यात मर्यादित. निकामी केलेली सामग्री ठरलेल्या नियमांनुसार विकत घेण्याची मोकळीक एवढाच. बाकी सारे स्थानिक संस्था आणि स्वयंसेवकांनी केले.

अमेरिकेचा अनुभव उलट बाजूही दाखवतो. एफ-१४ ही विमाने अमेरिकी नौदलाने २००६ मध्ये निवृत्त केली. तीच विमाने इराणकडेही असल्याने सुटे भाग तिकडे पोहोचू नयेत म्हणून बहुतेक विमानांचा अक्षरशः चुरा करण्यात आला. २००७ मध्ये तर कॅलिफोर्नियातील संग्रहालयांत पोहोचलेली विमानेही तपास यंत्रणांनी ताब्यात घेतली, कारण ती नियमानुसार निकामी केलेली नव्हती. गोपनीयतेचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, हे यावरून दिसते. त्याच देशात १९९५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे'चा कॉकपिटसह पुढचा भाग स्मिथसोनियन संग्रहालयात मांडला गेला, तेव्हा शेजारच्या फलकावर काय लिहायचे यावरून असा वाद पेटला की संग्रहालयाच्या संचालकांना पद सोडावे लागले. ते विमान जेट नव्हते. पण धडा सर्वांनाच लागू पडतो. वस्तू जपणे सोपे, तिची गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे कठीण.

भारतात याबाबतीत काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दिल्लीतील पालमचे वायुदल संग्रहालय १९६७ पासून उभे आहे. गोव्यात बोगमाळो येथे १९९८ मध्ये नौदलाचे हवाई संग्रहालय सुरू झाले आणि 'विक्रांत'वरून उडणारी सी हॉक विमाने तेथे पाहता येतात. विशाखापट्टणमला २०१७ मध्ये टीयू-१४२ हे अजस्र टेहळणी विमानच संग्रहालय झाले आणि लोक त्याच्या पोटात शिरून पाहू लागले. चंदीगडला मे २०२३ मध्ये वायुदलाचे वारसा केंद्र उघडले. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय तर १९९४ पासून महाराष्ट्रातच आहे आणि लष्करी वारसा सामान्य माणसापुढे कसा ठेवता येतो याचा ते वस्तुपाठ आहे. मात्र यांपैकी विमानांच्या संग्रहांत भर आहे तो संपूर्ण विमान मांडण्यावर. कॉकपिटचा शास्त्रशुद्ध पुनरुद्धार हे स्वतंत्र कौशल्य म्हणून येथे रुजलेले नाही. वायुदलाला २०१८ मध्ये मिळालेले 'परशुराम' हे डाकोटा विमान उड्डाणक्षम झाले ते एका खासगी देणगीदाराच्या पैशाने आणि ब्रिटनमधील कार्यशाळेत. ज्या देशात ओझरसारखा कारखाना आहे, त्याने जुन्या विमानासाठी परदेशी कारागीर शोधावेत, हे काही भूषणावह नाही.

मुंबईकरांना तर दिरंगाईची किंमत चांगलीच ठाऊक आहे. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली. तिचे कायमस्वरूपी संग्रहालय करण्याच्या घोषणा सरकारे बदलली तरी होत राहिल्या, खर्चाचे अंदाज वाढत राहिले आणि अखेर २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना विकली गेलेली ती नौका दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे मोटारसायकलींत वापरला गेला आणि त्या हातोहात खपल्या. लोकांना त्या नौकेचा तुकडा घरी हवा होता, पण राज्याला अख्खी नौका किनाऱ्यावर ठेवणे जमले नाही.

कॉकपिटच्या बाबतीत निदान ती सबब टिकणारी नाही. विमानवाहू नौकेला धक्का लागतो, संपूर्ण विमानाला हँगर लागतो, कॉकपिटला शाळेतील एका वर्गाएवढी बंदिस्त जागा पुरते. पाऊस आणि ऊन यांपासून त्याला दूर ठेवले की निम्मे जतन झाले. गोपनीयतेच्या आक्षेपालाही उत्तर आहे. बायसनमधील जी मोजकी उपकरणे अद्याप संवेदनशील असतील, ती काढून तेथे प्रतिकृती बसवता येतील. साठ-सत्तरच्या दशकांतील तबकड्यांत मात्र आता लपवण्यासारखे काही उरलेले नाही. जगभर अकरा हजारांहून अधिक संख्येने तयार झालेल्या या विमानाची कॉकपिटे पूर्व युरोपातील अनेक संग्रहालयांत कुणालाही पाहता येतात.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. भारतात बांधल्या गेलेल्या प्रत्येक आवृत्तीचे निदान एक कॉकपिट, त्यातील मूळ उपकरणांसह, चौथऱ्यावर चढण्यापूर्वी बाजूला काढले जावे. स्फोटके आणि किरणोत्सर्ग यांबाबतचे दाखले देण्याची सोपी, लेखी पद्धत वायुदलाने ठरवावी, म्हणजे विज्ञान केंद्रे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये धैर्याने पुढे येतील. हे काम करण्याची स्वाभाविक जागा नाशिक आहे. तेथे कारखाना आहे, तंत्रशिक्षण घेणारी मुले आहेत आणि मुख्य म्हणजे अजून माणसे आहेत.

या शेवटच्या मुद्द्याला मुदत आहे. धातू आणखी पन्नास वर्षे थांबेल, पण सत्तरच्या दशकात ओझरला रुजू झालेला तंत्रज्ञ आज सत्तरीपलीकडे गेला आहे. कोणती तार कुठून कुठे जाते, कोणती कळ नेहमी अडकत असे, पुस्तकात नसलेली कोणती युक्ती प्रत्यक्षात चालत असे, हे ज्ञान कोणत्याही आराखड्यात नाही. तबकड्या उद्या बाजारातून आणता येतील. त्या कशा बसवायच्या हे सांगणारे हात मात्र एकदा गेले की परत आणता येणार नाहीत.